ॲक्रॉइड आडनावाचा शोध: तीस पाऊंडांची फ्रेम आणि तीन पाऊंडांची इमेज

हा रिव्ह्यू खरं तर इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसचा, म्हणजे जीआरओच्या ऑनलाइन इंडेक्सचा (नावांच्या सूचीचा) आणि तिथून मिळणाऱ्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या डिजिटल इमेजचा आहे. पण तिथे पोचायच्या आधी आडनावाच्या नादात मी अजून दोन ठिकाणी पैसे घातलेत, त्याबद्दलही लिहिते, कारण तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते.

माझं सासर हॅलिफॅक्सचं, वेस्ट यॉर्कशायर. आडनाव ॲक्रॉइड, इंग्रजीत Ackroyd. सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही दोघांनी त्यांना आडनावाची फ्रेम दिली, तीस पाऊंडांची, जाड पिवळट कागद, जुन्या वळणाची अक्षरं, वर ढाल आणि सिंह, खाली घराण्याचा इतिहास म्हणून तीन परिच्छेद. सासऱ्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, थँक्यू म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, "यातलं आपलं कुठलं?" मला काहीच सांगता आलं नाही. इथून सुरुवात झाली.

फ्रेमचं आधी सांगून टाकते. दुकानाचं नाव घेत नाही. नंतर मी तो मजकूर नीट वाचला तर त्यातलं ॲक्रॉइड खोडून दुसरं कुठलंही आडनाव घातलं तरी चाललं असतं, शूर, निष्ठावान, प्राचीन घराणं वगैरे, पण एक साल नाही, एक गाव नाही. आणि ती ढाल! इंग्लंडमध्ये आडनावाला कुलचिन्ह असं नसतंच मुळी. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स ते एका माणसाला देतं आणि मग ते त्याच्या थेट पुरुषवंशात उतरतं, नुसतं आडनाव सारखं आहे म्हणून दुसऱ्याचं कुलचिन्ह आपल्या भिंतीवर लावायचा कुणाला हक्क नाही. म्हणजे आम्ही त्यांना दुसऱ्याच कुणाची तरी ढाल दिली होती. मला याचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

दुसरा खर्च म्हणजे वंशावळीची एक मोठी वर्गणीवाली साइट. वर्षाचे शंभर पाऊंडांच्या वर गेले. साइट वाईट आहे असं मी म्हणणार नाही, जनगणनेचे मूळ कागद तिथे स्कॅन केलेले आहेत आणि ते सोन्यासारखे आहेत. त्रास आहे तो हिंट्सचा. आपण दोन नावं टाकली की साइट दुसऱ्या लोकांनी बनवलेली झाडं पुढे करते, हो म्हणा, हो म्हणा, आणि मी हो म्हणत गेले. तीन आठवड्यांत माझं झाड १०६६ सालापर्यंत पोचलं, म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तिथपर्यंत, थेट नॉर्मन सरदार! मग एका रात्री नीट बघितलं तर मधल्या एका पिढीत आई मुलापेक्षा फक्त सहा वर्षांनी मोठी निघाली, आणि त्याच्या वरती एकाच चर्चच्या वहीत एकाच नावाचे दोन चुलतभाऊ होते, त्यातला चुकीचा आम्ही पणजोबांचा आजोबा म्हणून उचलला होता. हॅलिफॅक्सच्या बाजूला हे नेहमीचंच, तिथे ठरावीक आडनावं आणि ठरावीक पाचसात नावं, दर घरात एक जॉन, एक विल्यम, एक मेरी.

शिवाय साधा हिशोब बघा. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने काढला १५३८ मध्ये. त्याही सगळ्या वह्या टिकल्या नाहीत, पहिल्या पहिल्या कागदावरच्या बऱ्याच गेल्या, १५९८ च्या सुमारास चर्मपत्रावर उतरवून घ्यायला लावल्या म्हणून जे वाचलं ते वाचलं. त्याच्या आधीचं सामान्य माणसाचं काही हवं असेल तर जमिनीचे, कोर्टाचे, कराचे कागद धुंडाळावे लागतात आणि त्यात सलग बाप-मुलगा-नातू अशी साखळी मिळणं हे नशीब. त्यामुळे कुणी एका क्लिकवर १०६६ दाखवत असेल तर थांबा. मी सगळं झाड डिलीट केलं आणि सासऱ्यांपासून परत सुरुवात केली, प्रत्येक पायरीला एक कागद असल्याशिवाय वर चढायचं नाही असं ठरवून.

आणि इथे जीआरओ आलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याचा जुना तिमाही इंडेक्स फ्रीबीएमडी नावाच्या साइटवर फुकट शोधता येतो, १९९८ पासून स्वयंसेवकांनी एकेक ओळ टाइप करून केलेलं काम आहे, त्या लोकांचे किती आभार मानू तेवढे कमी. पण जुन्या इंडेक्समध्ये मुलाच्या जन्मापुढे आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. जीआरओने २०१६ मध्ये स्वतःचा नवा इंडेक्स ऑनलाइन टाकला त्यात आईचं माहेरचं आडनाव थेट १८३७ पासून दिलंय, आणि मृत्यूच्या नोंदीत वयही १८३७ पासून. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण एकाच गावात एकाच आडनावाची वीस घरं असताना कुठलं मूल कुठल्या घरातलं हे फक्त आईच्या आडनावावरून कळतं. बापाचं आडनाव शोधायला निघाले आणि वाट दाखवली प्रत्येक पिढीतल्या बाईच्या माहेरच्या नावाने.

इंडेक्स बघायला पैसे नाहीत, फक्त अकाउंट काढावं लागतं. नोंद सापडली की त्याच्याच शेजारी ऑर्डर करायची सोय. छापील सर्टिफिकेट महाग आणि पोस्टाने येतं, पीडीएफ त्याहून स्वस्त पण काही दिवस लागतात, आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे डिजिटल इमेज, मी घेतल्या तेव्हा ३ पाऊंडांना एक, आणि लगेच स्क्रीनवर. जन्माच्या इमेज १८३७ पासून साधारण शंभर वर्षांपूर्वीपर्यंतच्या आहेत, मृत्यूच्या मी मागवल्या तेव्हा १८८७ पर्यंतच्या. लग्नं या नव्या इंडेक्समध्ये नाहीत, ती फ्रीबीएमडीवर शोधायची, तिथे १९१२ च्या आधीच्या लग्नात जोडीदाराचं नाव शेजारी नसतं, एका पानावर जी तीनचार जोडपी असतात त्यांतून कोण कुणाचं हे आपण दुसऱ्या कागदांवरून जुळवायचं.

आता मला काय मिळालं ते सांगते, कारण रिव्ह्यूचा खरा भाग हाच आहे.

१९११ ची जनगणना इंग्लंडमध्ये खास आहे. त्याच्या आधीच्या सगळ्या जनगणनांमध्ये आपल्याला दिसतात त्या गणना करणाऱ्या माणसाने नक्कल केलेल्या वह्या, घरोघरचे मूळ फॉर्म टिकलेले नाहीत. १९११ चे मात्र घरच्याच माणसाने भरलेले फॉर्म ठेवलेत, म्हणजे पणजोबाचं स्वतःचं अक्षर! आणि त्यात विवाहित बाईसाठी रकाने आहेत, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, किती जिवंत, किती वारली. सासऱ्यांच्या पणजोबांनी तिथे लिहिलंय ४३ वर्षं, ९, ५, ४. अक्षर बारीक, सरळ, एकही खाडाखोड नाही. त्या चाराच्या आकड्याकडे मी किती वेळ बघत होते.

ती चार मुलं कोण, घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग मी जीआरओच्या इंडेक्समध्ये आडनाव ॲक्रॉइड, आईचं माहेर सटक्लिफ, नोंदणी जिल्हा हॅलिफॅक्स असं टाकून १८६८ पासून पुढे बघत गेले. एका वेळी आधीची दोन आणि नंतरची दोन वर्षंच शोधता येतात, आणि मुलगा की मुलगी हे आधी निवडावं लागतं, दोन्ही एकदम नाही. मी आधी सगळे मुलगे शोधले. त्यात १८७८ मध्ये सासऱ्यांचे आजोबा सापडले, हॅलिफॅक्स, खंड ९ए, पान अमुक. मग मुली शोधायला घेतल्या आणि त्याच वर्षी, त्याच तिमाहीत, त्याच ९ए खंडात, त्याच पानावर अजून एक ॲक्रॉइड, आईचं माहेर सटक्लिफ.

मी लगेच दोन्ही इमेज घेतल्या, सहा पाऊंड. इंग्लंडमध्ये जन्माच्या नोंदीत जन्माची वेळ साधारणपणे जुळं असेल तरच लिहितात. दोन्हीत तारखेखाली वेळ होती. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं मुलगी, पावणेसातला मुलगा. खबर देणारी आई, सहीच्या जागी फुली आणि शेजारी रजिस्ट्रारने लिहिलंय की ही तिची खूण. मग मृत्यूच्या इंडेक्समध्ये ती मुलगी १८७९ मध्ये सापडली, वय शून्य. ती इमेजही घेतली. सात महिने, छातीचा विकार, बापाचा धंदा वूस्टेड या लोकरीच्या कापडाच्या गिरणीत, खबर देणारी परत आई, परत फुली.

सासऱ्यांना त्यांचे आजोबा आठवतात, मांडीवर बसल्याचं आठवतं, त्यांच्या कोटाचा लोकरीचा वास आठवतो. आजोबा जुळ्यातले होते हे त्यांना ऐंशीव्या वर्षी कळलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना तरी माहीत असेल का?" आणि मग उठून चहा करायला गेले. या तीन इमेजचे मी नऊ पाऊंड दिलेत आणि मला कुणी याचे नव्वद मागितले असते तरी दिले असते.

आता खुद्द आडनावाचं. इथे स्पेलिंगचा घोळ समजून घेतला नाही तर काहीच सापडणार नाही. माझ्याकडच्या कागदांमध्ये १८७१ ला सी नाही, १८८१ ला सी आहे, १८९१ ला पहिल्या ए-नंतर अजून एक वाय घुसलाय, एका बाप्तिस्म्यात शेवटी ई आहे, आणि साइटवरच्या टाइप केलेल्या नोंदीत एकदा पहिलं अक्षरच ओ वाचलंय. घर तेच, माणसं तीच. ज्याने लिहून घेतलं त्याने जसं ऐकलं तसं लिहिलं, आणि आईला लिहितावाचता येत नव्हतं तर ती काय दुरुस्त करणार. १९११ ला पणजोबांनी स्वतः लिहिलंय त्यात सी नाही, म्हणजे आज आम्ही मिरवतो तो सी नंतर कधीतरी पक्का चिकटला. त्यामुळे कुणी तुम्हाला म्हणालं की आमचं स्पेलिंग वेगळं म्हणून आमचं घराणं वेगळं, तर त्यावर काही बांधू नका. जीआरओच्या इंडेक्समध्ये सारख्या उच्चाराची नावं शोधायचा पर्याय आहे, तो नेहमी चालू करून शोधा.

अर्थ मात्र सुंदर निघाला. ॲक म्हणजे ओकचं झाड, तिकडच्या बोलीतला उच्चार, आणि रॉइड म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जमीन. ओकच्या रानातली मोकळीक. हा रॉइड हॅलिफॅक्सच्या बाजूची खूणच आहे, हॉलरॉइड, मर्गाट्रॉइड, बूथरॉइड, लीरॉइड ही सगळी भावंडं, आणि मायथमरॉइड हे तर गावच आहे. आपल्याकडे आडनावाच्या शेवटी कर आला की गाव शोधायचं तसंच हे, फक्त इथे ते गाव नसून डोंगरउतारावरचं एखादं शेतघर असतं. ॲक्रॉइडचं मूळ कॅल्डर खोऱ्यात हेप्टनस्टॉल-वॉड्झवर्थच्या बाजूला धरतात. आईकडचं सटक्लिफसुद्धा तिथलंच, दक्षिणेकडचा कडा.

हे मला कुठल्या फ्रेमवर नाही मिळालं, ऑक्सफर्डने २०१६ मध्ये काढलेल्या ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावांच्या कोशासारख्या ठिकाणी मिळतं, ४५ हजारांच्या वर आडनावं आहेत त्यात, ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडमध्ये त्याचं काम झालं. विकत घेऊ नका, प्रचंड महाग आहे, पण इंग्लंडमधल्या बऱ्याच सार्वजनिक लायब्ररींच्या कार्डावर घरबसल्या बघता येतो. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे नुसता अर्थ सांगून सोडत नाहीत, ते आडनाव सगळ्यात आधी कुठल्या कागदात, कुठल्या साली, कुठल्या गावात आलंय ते देतात. आडनावाच्या बाबतीत अंदाज कुणीही करेल, जुना कागद दाखवता आला पाहिजे.

आणि या भागाचं नशीब असं की जुने कागद आहेत! हॅलिफॅक्सच्या वरचे हे डोंगर वेकफिल्डच्या मॅनरमध्ये, म्हणजे जहागिरीत यायचे आणि त्या मॅनर कोर्टाच्या गुंडाळ्या १२७४ पासून टिकल्यात, लीड्स युनिव्हर्सिटीत ठेवल्यात. कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली, कुणी परवानगी न घेता लाकूड तोडलं, कुणी बापाची जमीन आपल्या नावावर करून घेतली, असलं सगळं त्यात आहे, लॅटिनमध्ये. बरेचसे भाग इंग्रजीत छापलेत म्हणून माझ्यासारखीला वाचता येतात. इंग्लंडमध्ये आडनावं वडिलांकडून मुलाकडे पक्की उतरायला लागली ती नॉर्मन आल्यानंतर हळूहळू, आधी मोठ्या जमीनदारांत, आणि १४०० च्या सुमारापर्यंत बहुतेक सगळ्यांत. या गुंडाळ्यांमध्ये आणि १३७९ च्या डोईपट्टीच्या यादीत ते घडताना दिसतं, एकच माणूस एका ठिकाणी अमक्याचा मुलगा आणि दुसरीकडे तमक्या रॉइडचा.

सासऱ्यांची एक आशा मात्र मोडली, तेही लिहायला हवं. त्यांना लहानपणापासून वाटायचं की आपण गिरणीवाल्या एडवर्ड ॲक्रॉइडचे कुणीतरी. हा माणूस हॅलिफॅक्सचा मोठा वूस्टेड कारखानदार, १८१० चा जन्म, कामगारांसाठी ॲक्रॉइडन नावाची वसाहत बांधली, १८५९ मध्ये यॉर्कशायर पेनी बँक काढली. त्याच्याशी आमचा धागा मला अजून कुठल्याच कागदात मिळाला नाहीये. मिळाला तो गिरणीत धाग्याच्या बॉबिन (रिळं) बदलणारा बारा वर्षांचा मुलगा, १८९१ च्या जनगणनेत, तेच जुळ्यातले आजोबा. सासरे म्हणाले हेच जास्त बरोबर वाटतंय.

पण फार मागे एकच मूळ असू शकतं, हे डीएनएवरून कळतं. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या, एकमेकांशी नातं माहीत नसलेल्या पुरुषांचा वाय क्रोमोसोम, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे उतरतो तो, तपासला तेव्हा जवळजवळ निम्म्यांचा एकच निघाला. साइक्स हेही वेस्ट यॉर्कशायरचंच आडनाव. स्मिथसारखं आडनाव गावोगावच्या लोहारांना पडलं त्यामुळे त्यात असं काही निघणार नाही, एका शेतावरून पडलेल्या आडनावात निघू शकतं. आम्ही टेस्ट केलेली नाही, सासऱ्यांची इच्छा नाही, विषय संपला.

हॅलिफॅक्सला स्वतः जायचं असेल तर नक्की जा. वेस्ट यॉर्कशायर आर्काइव्हची कॅल्डरडेल शाखा सेंट्रल लायब्ररीतच आहे, पीस हॉलला लागून, २०१७ ची नवी इमारत आणि तिच्यात जुन्या चर्चचा उंच सुळका सामावून घेतलाय. जाण्याआधी मेल करून आपल्याला कुठली चर्च आणि कुठली वर्षं हवीत ते कळवा, पेन नाही पेन्सिल न्या. मला तिथे एका बाईंनी विचारलं की तुम्ही फक्त चर्चच्या वह्या बघताय का, चॅपलच्या बघा, या डोंगरात मेथडिस्ट फार. मेथडिस्ट म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून वेगळा झालेला पंथ, आणि चॅपल म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर. बरोबर होतं, हेप्टनस्टॉलचं अष्टकोनी मेथडिस्ट चॅपल १७६४ चं आहे, आणि आमची दोन हरवलेली मुलं चॅपलच्या वहीत होती. एक धोक्याची जागा सांगते, १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जुन्या वहीत फेब्रुवारी १७२० लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने तो १७२१. मला याच कारणाने एक मूल आईबापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसत होतं.

तर हिशोब. फ्रेम तीस पाऊंड, घेऊ नका. वर्गणी शंभरच्या वर, आधी लायब्ररीत जाऊन बघा, अशा मोठ्या साइट्स तिथल्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा फुकट असतात, आणि घ्यायचीच असेल तर हिंट्स बंद करून मूळ स्कॅन बघण्यासाठी घ्या. जीआरओच्या इमेज मी अकरा घेतल्या, तेहतीस पाऊंड, त्यातली एकच चुकीच्या घरातली निघाली. जीआरओला माझ्याकडून पाचपैकी पाच. १८७५ च्या आधी जन्म नोंदवायची सक्ती आईबापावर नीट नव्हती, त्यामुळे त्या काळातलं एखादं मूल इंडेक्समध्ये नाही सापडलं तर नाराज होऊ नका, बाप्तिस्मा शोधा.

आता एक गाठ राहिलीये. सासऱ्यांच्या पणजोबा-पणजीच्या १८६८ च्या लग्नाच्या सर्टिफिकेटवर नवऱ्याच्या बापाचं नाव आहे, धंदा आहे, आणि सटक्लिफबाईच्या बापाचा रकाना कोरा. जीआरओच्या इंडेक्समध्येही तिच्या जन्मापुढे आईच्या माहेराच्या जागी नुसती रेघ आहे, म्हणजे आईचं लग्न झालेलं नव्हतं, सटक्लिफ हे तिच्या आईचंच आडनाव. १८५१ च्या जनगणनेत ती तीन वर्षांची, आजी-आजोबांच्या घरात, नात म्हणून. आई त्या घरात नाही. सासऱ्यांनी एक वही केलीये, प्रत्येक माणसाला एक पान, त्यात तिच्या आईसाठी त्यांनी पान सोडून ठेवलंय आणि दर रविवारी फोनवर विचारतात, सापडली का.